अमावस्येजवळचा शनिवार

मृग नक्षत्रातला मोठा तेजोमेघ दुर्बिणीतून गुलाबी-जांभळा दिसत नाही. तो राखाडी दिसतो. काळोख चांगला असेल आणि दुर्बीण जरा मोठी असेल, तर त्या राखाडीत हिरवट झाक जाणवते. आकाश पाहायला पहिल्यांदा आलेली माणसं मोबाइलवरचे फोटो मनात घेऊन येतात. रांगेत थांबतात, आयपीसला डोळा लावतात आणि मागे सरकून हळूच विचारतात, "ताई, हेच का ते?"

हेच ते. कॅमेरा एकाच चित्रात कितीतरी मिनिटांचा प्रकाश साठवत राहतो, डोळ्याला तशी साठवण करता येत नाही. शिवाय डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या आणि अंधारात काम करणाऱ्या वेगळ्या. अंधारातल्या पेशींना रंग कळत नाहीत, पण अगदी मंद उजेड त्या टिपतात. त्यासाठी त्यांना वीस ते तीस मिनिटं पुरता काळोख द्यावा लागतो. तेवढ्या वेळात डोळ्यात एक रंगद्रव्य पुन्हा तयार होतं. मध्येच कुणी मोबाइल उघडला, की ते काही क्षणांत नासतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू. म्हणून आम्ही बॅटरीवर लाल जिलेटिनचा कागद लावतो, लाल उजेडाचा या पेशींवर फारसा परिणाम होत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे, डोळ्याच्या मधोमध या पेशी जवळजवळ नसतातच. त्यामुळे अंधूक वस्तूकडे थेट न बघता किंचित बाजूला बघायचं. नव्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं, पण मृगाच्या तेजोमेघाकडे अशी तिरकी नजर ठेवून पाच मिनिटं बसलं, तर त्या राखाडी डागाला दोन्हीकडे पंख फुटलेले दिसतात, मध्ये चार चिमुकल्या ताऱ्यांचा चौकोन उमटतो आणि त्याच्या शेजारी मेघात घुसलेली एक काळी खाच दिसते. हा प्रकाश तिथून निघाला, तेव्हा आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं.

ती हिरवट झाक येते ऑक्सिजनमुळे. तेजोमेघांच्या वर्णपटातली ती ठळक हिरवी रेषा कशाची, हे कोडं एकोणिसाव्या शतकात कुणालाच सुटत नव्हतं. शेवटी १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवून दिलं, की दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती खूण आहे. त्याच्या कितीतरी आधी, १८९१ मध्ये, याच रेषेवरचा एक शोधनिबंध लंडनला गेला होता तो आपल्या पुण्यातून. लिहिणारे होते कावसजी दादाभाई नायगमवाला, पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख. आजच्या सीओईपीच्या आवारातली ही वेधशाळा. तिथे पुढे २० इंची ग्रब दुर्बीण आली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकून होते. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. शिवाजीनगरच्या चौकात उभं राहून आज आकाशाकडे पाहिलं, की मला नायगमवालांची आठवण होते आणि वाईट वाटतं. जिथे तेजोमेघाची एकेक रेषा तपासली गेली, तिथून आता कृत्तिकाही मोजता येत नाहीत.

म्हणून आम्ही शहराबाहेर जातो. मी भोसरीच्या एका कारखान्यात गेज तपासण्याचं काम करते. अमावस्येच्या सगळ्यात जवळचा शनिवार भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच खुणेने राखलेला असतो. त्या संध्याकाळी आम्ही सातआठ जण भोरच्या पुढे, नीरा-देवघर धरणाच्या अंगाला, ओळखीच्यांच्या शेतालगतच्या माळावर जातो. ईशान्येला पुण्याचा पिवळट उजेड क्षितिजावर चढलेला दिसतो, पण दक्षिण बऱ्यापैकी काळी असते, आणि आम्हाला हवी असते ती दक्षिणच.

आमचं वर्ष दसऱ्याच्या सुमारास सुरू होतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ बंद. पाऊस नको असं या मातीतलं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण तो काय काय झाकून ठेवतो, ते सांगायला हवं. आकाशगंगेचा गाभा धनु राशीच्या दिशेला आहे. तो संध्याकाळनंतर दक्षिणेला छान वर येतो जुलै-ऑगस्टमध्ये. युरोप-अमेरिकेची पुस्तकं त्याला उन्हाळ्याचं आकाश म्हणतात आणि जेवण उरकून पाहायला सांगतात. आपल्याकडे तेव्हा पागोळ्या गळत असतात. त्यामुळे महाराष्ट्रातल्या माणसाला आकाशगंगेचा गाभा पाहायचा तर मार्च-एप्रिलमध्ये, रात्रभर जागून, पहाटे तीन-चारला. ययातीतला उल्कावर्षाव १२-१३ ऑगस्टला, म्हणजे तोही ढगांत. सुदैवाने मिथुनेतला वर्षाव डिसेंबरच्या मध्यावर येतो आणि तो ययातीतल्या वर्षावापेक्षा उणा नाही.

सगळ्यात जास्त लागली ती जुलै २०२० ची गोष्ट. निओवाइज नावाचा धूमकेतू नुसत्या डोळ्यांना शेपटीसकट दिसत होता. उत्तर गोलार्धात जिथे म्हणून आकाश मोकळं होतं, तिथून लोक त्याचे फोटो टाकत होते. आमच्यावर दाट ढग आणि त्यात टाळेबंदी. तो धूमकेतू आता सुमारे ६,८०० वर्षांनी परतेल. आम्ही संध्याकाळी गच्चीवर जायचो आणि वायव्येकडे बघत उभे राहायचो, कदाचित एखादी फट पडेल म्हणून. ती पडली नाही. तेव्हा माझ्या मोठ्या भावाने १९९७ च्या मार्च-एप्रिलमधल्या हेल-बॉपची आठवण काढली. तो धूमकेतू शहरातल्या गच्चीवरूनही दिसायचा आणि आम्ही शेजाऱ्यांना हाक मारून बोलावलं होतं. मात्र त्याच २०२० च्या डिसेंबरात, २१ तारखेला, गुरू आणि शनी एकमेकांच्या इतके जवळ आले की त्यांच्यात अंशाचा जेमतेम दहावा भाग अंतर राहिलं. इतकी जवळीक त्याआधी १६२३ साली झाली होती. हवा कोरडी होती, आभाळ निखळ. एकाच आयपीसमध्ये गुरूचे चंद्र आणि शनीची कडी एकदम दिसत होती. माझ्या सासूबाई खुर्ची घेऊन गच्चीवर बसल्या होत्या आणि कुणी डोळा काढला की लगेच आपला नंबर लावत होत्या.

ढगांनी हुलकावणी दिलेल्या माणसांत सगळ्यात मोठं नाव गीयोम ल जाँतीय या फ्रेंच ज्योतिर्विदाचं. १७६१ चं शुक्राचं अधिक्रमण पाहायला तो पाँडिचेरीकडे निघाला. पोचण्याआधीच ते इंग्रजांच्या हाती गेलं, आणि शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना हा डोलणाऱ्या जहाजावर होता. तिथून केलेल्या निरीक्षणाचा काही उपयोग नव्हता. पुढचं अधिक्रमण आठ वर्षांनी होतं. तो परत गेलाच नाही, या भागातच राहिला. १७६९ च्या जूनमध्ये पाँडिचेरीत सगळी तयारी करून बसला, आणि नेमक्या त्या सकाळी ढग आले. त्यानंतरचं अधिक्रमण एकशे पाच वर्षांनी. १७७१ मध्ये तो फ्रान्सला पोचला तेव्हा घरच्यांनी त्याला मेलेला समजून मालमत्तेची वाटणी सुरू केली होती. ही हकीकत वाचताना मला त्याची कीव येत नाही. मला त्या आठ वर्षांचा आदर वाटतो, कारण त्या काळात त्याने हिंदी महासागरातले वारे, किनारे, तमिळ लोकांचं ग्रहगणित यांचा अभ्यास केला आणि ते सगळं लिहून ठेवलं.

२२ जुलै २००९ च्या खग्रास ग्रहणाला मी बिहारमधल्या तारेगणाला होते. आर्यभटाशी नातं सांगणारं हे गाव, तिथे हजारो लोक जमलेले. सकाळी सहाच्या पुढची वेळ, आणि वर ढगांचा जाड थर. प्रभामंडळ, हिऱ्याची अंगठी, काहीही दिसलं नाही. वाराणसीत असलेल्यांना मात्र ते मिळालं. पण तारेगणातही एक गोष्ट ढगांना थांबवता आली नाही. उजाडलेल्या सकाळवर पश्चिमेकडून काळोख चालून आला, साडेतीन मिनिटांहून जास्त थांबला आणि पुढे निघून गेला. चंद्राची सावली अंगावरून जाते म्हणजे काय, ते मला त्या दिवशी अंगावर कळलं. स्वच्छ आकाश असतं तर मी वर बघत राहिले असते आणि शेतांवरून येणारा तो अंधार माझ्या लक्षातही आला नसता, असं मला खरोखर वाटतं.

ढग नसले म्हणजे रात्र चांगली, असं नाही. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये हवा धुतलेली असते, तारे पुष्कळ दिसतात, पण गुरूवर दुर्बीण लावली तर त्याचं बिंब उकळत्या पाण्याच्या तळाशी असल्यासारखं हलत राहतं. वातावरणातले गरम-गार थर एकमेकांत मिसळत असतात, त्यांच्यातून येणारा प्रकाश वेडावाकडा होतो. आमच्या लोकांत याला 'सीइंग' म्हणतात. उलट कधीतरी फेब्रुवारीत हवेत धुरकट झाक असते, मंद तारे गायब असतात, पण वारा अजिबात नसतो, आणि त्या रात्री गुरूचे पट्टे कोरल्यासारखे स्थिर दिसतात. हवा पारदर्शकही आणि स्थिरही, अशी रात्र वर्षातून फार थोड्या वेळा मिळते. म्हणून जी मिळेल त्या रात्रीला साजेसं काम करायचं. धुरकट असेल तर ग्रह आणि जोडतारे, नितळ असेल तर दीर्घिका.

मग दव. डिसेंबरात रात्री अकरानंतर माळावर दव पडायला लागलं की आधी शोधक दुर्बिणीची काच जाते, मग आयपीस, मग नकाशाचे कागद एकमेकांना चिकटतात. योगा मॅटचा तुकडा नळीसारखा गुंडाळून दुर्बिणीच्या तोंडाला बसवला की तासदीड तास मिळतो. पहाटे बोटं इतकी बधिर होतात की फोकसचा स्क्रू फिरवताना कळत नाही. बिबट्याचा वावर असल्याने कुणीही एकट्याने गाडीपर्यंत जायचं नाही, हा नियम आहे आणि तो आम्ही कधीही मोडत नाही.

शेतीची थ्री फेज वीज बऱ्याचदा रात्रीची असते. एका जानेवारीत मध्यरात्रीनंतर शेजारच्या रानातले काका गव्हाला पाणी द्यायला आले. हातात मोठी बॅटरी, तिचा झोत थेट आमच्यावर. आमच्यातल्या एकाने दोन्ही हातांनी डोळे झाकले. काकांनी लगेच बॅटरी मालवली आणि जवळ येऊन विचारलं, "काय शोधताय एवढ्या थंडीचं?" मी त्यांना गुरू दाखवला. ते बराच वेळ वाकून बघत राहिले, म्हणाले, "चार ठिपके हायेत की शेजारी, एका रेघंत." मग बांधावरून वर हात करून त्यांनीच आम्हाला मृगाचं तिकांडं दाखवलं, उत्तरेकडचं बाजलं दाखवलं आणि ते पळवणारे तीन चोर. सप्तर्षींची ही ओळख त्यांना त्यांच्या आजीकडून मिळालेली. वाफ्याला पाणी लावून तासाभराने ते परत आले आणि पुन्हा डोळा लावला. "ताई, एक कमी झाला."

खरोखरच एक कमी झाला होता. आयो गुरूच्या मागे गेला होता. गुरूभोवती एक फेरी मारायला त्याला साडेबेचाळीस तास लागतात, त्यामुळे तासाभरात त्याची जागा सहज बदललेली दिसते. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने हेच पाहिलं होतं. ठिपके गुरूशेजारी जागा बदलतात, म्हणजे ते त्याच्याभोवती फिरतात, म्हणजे आकाशातलं सगळंच पृथ्वीभोवती फिरत नाही. कुणी काही न सांगता काकांनी दोन नजरांमधला फरक पकडला. त्या रात्री आम्ही पाहिलेल्या कुठल्याही दीर्घिकेपेक्षा मला ते मोलाचं वाटतं.

मी वापरते ती आठ इंची दुर्बीण आहे आणि तिचा आरसा मी स्वतः घासलेला आहे. काचेच्या दोन चकत्या एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. वरची चकती पुढे-मागे फिरवत राहायची आणि आपण भोवती फिरत राहायचं. वरची हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. पूड टप्प्याटप्प्याने बारीक करत जायची आणि शेवटी डांबराच्या थरावर सेरियम ऑक्साइडने पॉलिश करायचं. माझ्या आरशाची मध्यभागी खोली साधारण दोन मिलिमीटर. तेवढं जमलं तरी तो गोलाचा तुकडा असतो, आणि दुर्बिणीला हवा अन्वस्त. या दोन आकारांमधला फरक माझ्या आरशात एक मायक्रॉनपेक्षाही कमी. कारखान्यात माझ्या हातात चांगली उपकरणं असतात, वीस अंशांवर राखलेली खोली असते, आणि तरी तिथे मायक्रॉनच्या आत शिरणं सोपं नसतं. इथे तो फरक मोजायला लागतात एक बारीक दिवा आणि एक ब्लेड. आरशावरून परतणारा प्रकाश जिथे एकवटतो, तिथे ब्लेडची धार आडवी न्यायची. आरशावर सावल्या पडतात आणि काचेचे उंचसखल भाग डोंगरदऱ्यांसारखे उठून दिसतात. लेऑं फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८ च्या सुमारास काढलेली ही युक्ती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून मी ती पहिल्यांदा केली, तेव्हा हाताच्या उबेने आरशाचा एक भाग फुगलेला स्पष्ट दिसला. तो निवेपर्यंत थांबावं लागलं.

त्याच आरशातून मी ओमेगा सेंटॉरी पाहते. हे आमच्या दक्षिणेचं धन आहे. चार्ल्स मेसिए या धूमकेतूवेड्या फ्रेंच माणसाने अठराव्या शतकात पॅरिसहून आकाशातल्या अंधूक डागांची यादी केली. आज तिच्यात ११० वस्तू धरतात आणि जगभरचे हौशी लोक ती यादी पुरी करायला झटतात. ओमेगा सेंटॉरी तिच्यात नाही, कारण पॅरिसच्या क्षितिजावर तो कधी येतच नाही. पुण्याच्या अक्षांशावरून तो २४ अंश वर येतो. मार्चअखेरीला रात्री दीड-दोनच्या सुमारास चित्रा दक्षिणोत्तर रेषेवर असते. तिच्या सरळ खाली, लांबवलेल्या हाताच्या पावणेदोन विती दक्षिणेला, नुसत्या डोळ्यांनी एक पुसट तारा दिसतो. टॉलेमीने त्याला तारा म्हणूनच नोंदवलं होतं. दुर्बिणीतून पाहिलं की त्या ताऱ्याच्या जागी बंदिस्त तारकागुच्छ असतो, आयपीस भरून. कडेचे तारे आधी सुटे होतात, मग नजर बसत जाते तसे आतले, आणि गाभ्यातही बारीक बारीक टिपके उमटायला लागतात. सुमारे १७,००० प्रकाशवर्षांवर जवळपास एक कोटी तारे. हे पाहायला आलेल्या माणसाने "हेच का ते?" असं विचारलेलं मला आठवत नाही.

शहरात राहूनही काही गोष्टी मिळतात. २०१९ च्या अखेरीपासून मृगातला तांबूस काक्षी मंद व्हायला लागला. एरवी तो रोहिणीपेक्षा उजळ असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तो मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरच्या बेलाट्रिक्सइतका उतरला. दुर्बीण लागत नव्हती, गच्ची पुरत होती. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून त्याची प्रत ठरवायची आणि वहीत लिहायची. जगभरच्या हौशी निरीक्षकांचे असे अंदाज चलताऱ्यांचा अभ्यास करणारी अमेरिकेतली संस्था १९११ पासून गोळा करते आहे, आणि व्यावसायिक शास्त्रज्ञ ते वापरतात. पुढे कळलं की ताऱ्याने वायूचा एक लोट बाहेर फेकला होता आणि त्यातून तयार झालेल्या धुळीने त्याचा एक भाग झाकला होता. माझ्या वहीतला तो उतार आणि चढ मला अजून पाहायला आवडतो.

ढग, दव, हवा यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. उजेडाबद्दल आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या माळासमोरच्या वस्तीवर हायमास्ट आला, त्याचे पांढरे एलईडी आडव्या दिशेने कोसभर उजेड फेकतात. पांढऱ्या एलईडीत निळा भाग जास्त, आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, म्हणून आकाश जुन्या पिवळ्या दिव्यांपेक्षा अधिक फिकं पडतं. रस्त्यावर उजेड हवाच, रात्री कामावरून परतणाऱ्या बाईला तो हवा हे मी स्वतः जाणते. पण दिव्याला वरून टोपी घातली तर तोच उजेड जमिनीवर पडतो आणि वीजही कमी लागते. हे जमतं, हे आपल्याच राज्याने दाखवलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलून खाली वळवले गेले. भोरला, जुन्नरला, कासच्या बाजूला हे का होऊ नये? आम्ही त्या वस्तीच्या ग्रामपंचायतीला अर्ज दिला आहे. गव्हाला पाणी देणाऱ्या काकांची त्यावर सही आहे.

नव्या माणसाने दुर्बीण विकत घ्यायची घाई करू नये. पैसे खर्च करायचेच असतील तर १० बाय ५० ची द्विनेत्री घ्यावी, तिच्यातून चंद्राची विवरं, कृत्तिका आणि गुरूचे चंद्र हात स्थिर ठेवला तर दिसतात. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. त्यांच्या कार्यक्रमाला एकदा जावं, वेगवेगळ्या दुर्बिणींतून पाहावं, मग ठरवावं. आणि सुरुवात नोव्हेंबरच्या उत्तरार्धात करावी. रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला तोंड करून वर पाहिलं की शर्मिष्ठेचा इंग्रजी एमसारखा आकार दिसतो. तिच्याहून वर, डोक्याच्या दिशेने, देवयानीतली दीर्घिका असते, २५ लाख प्रकाशवर्षांवर. ती आधी नुसत्या डोळ्यांनी शोधावी, तिरक्या नजरेने.